खंडेनवमीला उतरवलेली जाळी

आधीच सांगून टाकते, मी फार भरभर टाइप करते. आमचे भाऊसाहेब म्हणतात, "सुधा, तुझं मशीन आणि तुझं तोंड, दोन्हींना ब्रेक नाही." हा लेखसुद्धा मी हातानं लिहिलेला नाही, थेट मशीनवर बडवतेय, म्हणून कुठं गाडी घसरली तर संपादककाकांनी सांभाळून घ्यावं. मंडळाचा दिवाळी अंक छपाईला चाललाय आणि मी आत्ता बसलेय, कारण जे सांगायचंय त्याचा शेवट परवा दसऱ्याला झाला. त्याच्या आधी लिहिलं असतं तर अर्धवट राहिलं असतं.

तुम्ही म्हणाल, चार वर्षांची नोकरी, ही पोरगी काय अनुभव सांगणार! खरं आहे. पण गेल्या दहा वर्षांत आपल्या ग्वाल्हेरात काय काय उलटंपालटं झालं ते बघा ना. माझे बाबा संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, मध्यभारत आला, दफ्तरावरची पाटी बदलली, बाबा त्याच खुर्चीवर. मग मध्यभारतही गेला, नवा मध्यप्रदेश झाला, आणि या वेळी खुर्चीच भोपाळला गेली, बाबांसकट. आई आणि मी इथंच राहिलो. मी तोवर टायपिंग शिकून भाऊसाहेबांकडे लागलेलीच होते.

भाऊसाहेब म्हणजे आमचे वकील. त्यांचं ऑफिस दाल बाजारात, डाळीच्या आढतीच्या वर. खाली दिवसभर पोती पडतात, वर माझ्या मशीनच्या अक्षरांत डाळीची पिवळी भुकटी बसते, रोज ब्रशनं काढावी लागते. भाऊसाहेब अपघाताच्या केसेस चालवतात. मतलब, कारखान्यात, गिरणीत, छापखान्यात कामावर असताना कुणाचा हात गेला, पाय गेला, कुणी मेलं, तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना मालकाकडून मुआवजा, म्हणजे भरपाई, मिळतो, त्यासाठी वेगळे हाकिम असतात, त्यांच्यापुढं ही प्रकरणं जातात. ही भीक नसते हो, हक्क असतो. ही एवढी गोष्टच निम्म्या लोकांना माहीत नसते. जिना चढून येतात ते हात जोडूनच येतात, जसं काही आम्हीच देणार आहोत.

मोरारचा एक तांगेवाला एकदा आला होता. त्याचा घोडा विटांच्या ट्रकला धडकून लंगडा झालेला.

"वकीलसाब, मुआवजा दिलवा दो."

भाऊसाहेब म्हणाले, "भैया, हा कायदा कामगाराचा आहे. घोडा कामगार नाही."

"तो काम कौन करता है साब? मैं तो बस बैठा रहता हूँ."

आम्ही खूप हसलो. तो नाही हसला. भाऊसाहेबांनी मग त्याच्यासाठी दुसऱ्या कायद्यात दावा लावला, ते प्रकरण अजून चालू आहे. असो. मला सांगायचंय ते गणपतकाकांचं.

गेल्या वर्षी, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा एक बाई नवऱ्याला जवळजवळ ओढतच जिन्यावरून वर घेऊन आली. नवरा पन्नाशीचा, ताठ, पांढऱ्या मिशा, डोक्यावर रुमाल. दारात येताच त्यानं सवयीनं खाडकन सलाम ठोकला, आणि कपाळाशी गेलेला तो हात मनगटाच्या वरून नव्हताच. बाहीचं टोक नुसतं दुमडून टाचलेलं. माझी बोटं मशीनवर जागच्या जागी थांबली. असं कधी होत नाही.

बाईंचं नाव पार्वतीबाई. त्या म्हणाल्या, "हे बोलणार नाहीत साहेब. मी बोलते."

गणपतकाकांच्या चार पिढ्या संस्थानच्या पलटणीत. पलटणी हिंदी फौजेत विलीन झाल्या तेव्हा काही लोक घेतले, काहींना घरी पाठवलं, काका घरी आले. ज्या सरदार घराण्याच्या हाताखाली त्यांचे आजोबा-पणजोबा लढले, त्या घराण्याची जहागीर तेवढ्यात गेलेली. सरदारांनी हवेलीच्या मागच्या आवारात लाकूड चिरायची आरा मशीन टाकली, तिथंच काका कामाला लागले आणि तिथल्याच खोलीत नवराबायको राहायला गेले. सरदारांचं नाव मी इथं लिहीत नाही. काका त्यांना "सरकार" म्हणतात, सगळेच म्हणतात, मीही तेच म्हणते.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्या मशीनच्या पट्ट्यात काकांचा उजवा हात गेला. दवाखान्यात कापावा लागला. तिथंच, पट्टी बांधलेली असताना सरकारांचे मुनीमजी कागद घेऊन आले आणि काकांनी त्यावर अंगठा दिला.

"तुम्हाला लिहिता येत नाही का, काका?" मी विचारलं.

"येतं की ताई, सही येते. पण सही उजव्या हाताची होती."

कागदावर हिंदीत लिहिलं होतं, मशीनवरची जाळी मी स्वतः, माझ्या मर्जीनं काढली, आणि त्यामुळं अपघात झाला.

भाऊसाहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. आता हे का, ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. कामावर असताना चुकून तुमचा हात घसरला, लक्ष नव्हतं, तरी तुमचा हक्क जात नाही. तो जातो तीनच गोष्टींनी. नशा करून कामाला लागलात, सुरक्षेचा नियम माहीत असून मुद्दाम मोडलात, किंवा मशीनची जाळी, झाकण, जे काही तुमच्या रक्षणासाठी लावलंय ते जाणूनबुजून काढलंत. त्यात जीव गेला असेल तर घरच्यांना तरीही मिळतं. पण माणूस जगला, तर काही नाही. म्हणजे त्या एका ओळीवर काकांचं सगळं अडलं होतं. मुनीमजींनी खोली रिकामी करायलाही सांगितलं होतं. आपल्याच चुकीनं लुळा झालेला माणूस आवारात कशाला ठेवायचा!

"जाळी तुम्हीच काढलीत, गणपतराव?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"होय साहेब."

"कधी?"

"खंडेनवमीला. पूजेसाठी."

आणि मी मधेच बोलले. वकील बोलत असताना टायपिस्टनं बोलायचं नसतं, मला माहीत आहे, पण तोंडाला ब्रेक नाही ना! आमच्याकडे दसऱ्याला भाऊसाहेब माझ्या टाइपरायटरला हळदकुंकू वाहतात, त्यांचा हात लागेपर्यंत मी कव्हरसुद्धा काढत नाही. म्हणून मी म्हटलं, "पण काका, पूजेच्या शस्त्राला पहिला हात घरच्या धन्याचा असतो ना? सरकारांच्या आधी तुम्ही कसा लावला?"

काका खाली बघायला लागले.

"ताई, ते राहू द्या."

"राहू कसं देऊ?" पार्वतीबाई उसळल्या. "हात गेला, खोली चालली, आणि हे म्हणतात राहू द्या! बोला ना खरं!"

काका बोलले, पण तुटक तुटक. नवमीला सरकारांनी तलवारींची पूजा केली, मग मशीनची. पूजेआधी जाळी उतरवून देवघरात तलवारींच्या शेजारी ठेवली. दसऱ्याला पाहुणे जमले. सोनं लुटून झालं, आणि सरकारांच्या मनात आलं की पाहुण्यांना मशीन चालवून दाखवावी. चाकावर झेंडूची माळ होती. खटका ओढला, चाक फिरलं, माळ सुटून पट्ट्याकडे ओढली जायला लागली.

"माळ देवाची होती ताई. पट्ट्याखाली चिरडली असती. मी हात घातला."

"आणि जाळी कुणी उतरवली होती?" भाऊसाहेब.

"मीच काढली साहेब. तेच लिहिलंय."

"काका!" मी म्हटलं.

"सरकारांना कचेरीत खोटं पाडायचं नाही. आमच्या घरात असं कुणी केलेलं नाही." आणि त्यांचा आवाज बदलला. "पण साहेब, एक करा. पैसे मिळोत न मिळोत. मी बेपर्वा होतो असं नका राहू देऊ कागदावर. बावीस वर्षं पलटणीत बंदूक साफ केली. माझ्या हातनं कधी साधी गोळी चुकून सुटली नाही."

आता सांगा, हे कसं करायचं? माणूस म्हणतो जाळी मी काढली, आणि म्हणतो मी बेपर्वा नव्हतो. पाहुणे सगळे सरकारांच्या नात्यागोत्याचे, गवाही कोण देणार? मी तर घरी जाऊन आईपुढं रडले. पण भाऊसाहेबांनी दावा लावला. त्यांनी काकांना एवढंच सांगितलं, "मी सरकारांना खोटं पाडणार नाही. त्यांच्याच घरची रीत त्यांना विचारीन. चालेल?"

"रीत विचारा," काका म्हणाले.

दावा लागला आणि सगळं राज्यच हलायला लागलं. अर्ध्या फायली भोपाळला, कारकून भोपाळला, कपाटांच्या किल्ल्यासुद्धा भोपाळला! आमच्या पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा पुढं पुढं सरकत राहिल्या. एका गोष्टीचा मात्र फरक पडला. जुने हाकिम इथलेच होते. सरकार कचेरीत आले की ते खुर्चीवरून अर्धे उठायचे, मी स्वतः पाहिलंय. आता नवे हाकिम आले ते जबलपूरकडचे. बारीक, चष्मेवाले, सर्दी झालेले. त्यांना ना सरदार माहीत, ना हवेली.

सरकारांच्या गवाहीच्या दिवशी मी भाऊसाहेबांच्या मागं फायली घेऊन बसले होते. काका मागच्या बाकावर, पार्वतीबाई बाहेर व्हरांड्यात. सरकार आले. पांढरी अचकन, भरजरी पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. चपराशी सवयीनं वाकला. हाकिम कागदातून वर न बघता म्हणाले, "नाम?"

सरकार उभेच राहिले. मला वाटतं, ग्वाल्हेरात त्यांना हा प्रश्न याआधी कुणी कधी केलाच नसेल.

"नाम बताइए."

त्यांनी सांगितलं. सगळे किताब लावून सांगितलं. हाकिमांनी किताब सोडून नाव तेवढं लिहिलं.

"पेशा?"

बाहेर कुणीतरी चहाचे पेले विसळत होतं.

"लिखिए," सरकार म्हणाले, "आरा मशीन."

मी आमच्या बाजूची, सरकार समोरच्या बाजूचे, तरी मी फायलीत डोकं घातलं. खरंच सांगते.

त्यांच्या वकिलांनी तो अंगठ्याचा कागद दाखवला आणि आपलं काम दोन मिनिटांत संपवलं. मग भाऊसाहेब उठले.

"सरकार, आपके यहाँ खंडेनवमी की पूजा होती है?"

"पीढ़ियों से."

त्यांचे वकील लगेच उभे. "हुजूर, पूजा का इस मुकदमे से क्या वास्ता?"

हाकिम नाक पुसत म्हणाले, "वही मैं पूछ रहा हूँ. यह खंडेनवमी क्या है?"

झालं! सरकारांचा चेहरा लाल झाला. आपल्या गावात, आपल्या कचेरीत, खंडेनवमी काय असते? भाऊसाहेब काही बोललेच नाहीत. सरकारच हाकिमांकडे वळले आणि समजावायला लागले. कुठल्या लढाईतली कुठली तलवार, तिला कुठलं फूल, कुठला मंत्र. आवाज भरून आला होता त्यांचा. ते म्हणाले, म्यानातल्या तलवारीची पूजा होत नाही. आधी म्यान उतरतं, पातं उघडं होतं, मग कुंकू लागतं. आणि सीमोल्लंघन करून, सोनं लुटून परत आल्यावरच तलवार पुन्हा म्यानात जाते.

भाऊसाहेबांनी हळूच विचारलं, "म्यान कौन उतारता है, सरकार?"

"घराने का मुखिया. और कोई हाथ नहीं लगा सकता."

"कोई नौकर? कोई सिपाही?"

"हरगिज़ नहीं!"

"अब तलवारों के साथ मशीन की भी पूजा होती है. उसी रीत से?"

"उसी रीत से."

"तो मशीन का म्यान, मतलब वह जाली, किसने उतारी?"

सरकारांचे वकील उठायला लागले, पण त्याच्या आधी मागून धाडकन बाक सरकला. गणपतकाका उभे राहिले होते.

"हुजूर, जाली मैंने..."

"आप बैठिए," हाकिम म्हणाले.

काका बसले नाहीत. सरकारांनी मान वळवली, आणि अख्ख्या पेशीत पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"गणपत, बैस."

काका बसले.

सरकार हाकिमांकडे वळले. "लिखिए. जाली मैंने उतारी. मेरे सिवा कोई उतार ही नहीं सकता."

"और दशहरे के दिन मशीन चलाने का हुक्म?"

"मेरा."

"धन्यवाद सरकार," भाऊसाहेब म्हणाले आणि खाली बसले.

मी घरी येताना सारखा एकच विचार करत होते, की सरकार हे का बोलले? अभिमानापोटी? हाकिमांचा राग आला म्हणून? की काका उभे राहिले ते त्यांना बघवलं नाही? मी भाऊसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "सुधा, उत्तर मिळालं की वकिलानं पुढं विचारायचं नसतं." मला अजून कळलेलं नाही.

निकाल काकांच्या बाजूनं लागला. हाकिमांनी त्यात लिहिलं की जाळी कामगारानं काढली नव्हती, आणि त्याच्याकडून कुठलीही बेपर्वाई झाली नव्हती. त्या ओळीची नक्कल मी काकांसाठी वेगळी टाइप करून दिली. त्यांनी ती घडी घालून रुमालाच्या आत ठेवली. खोली राहिली. पण मशीनवर काम नाही, आणि सरकार एकदाही बोलले नाहीत त्यांच्याशी. समोरून गेले तरी नाही. काका सांगायचे, "बरोबरच आहे त्यांचं." पार्वतीबाई म्हणायच्या, "काय बरोबर आहे!" आमच्या ऑफिसात येऊन दोघं भांडायची.

जिंकलो म्हणून मी पेढे आणले होते. भाऊसाहेबांनी एक उचलला आणि तो हातातच राहिला. "त्या जाळीला चार पेच आहेत सुधा," म्हणाले. "मी बघून आलो. परत लावायला किती वेळ लागला असता?" ती जाळी जागेवर असती तर माळ आत गेलीच नसती. आमचा धंदा नेहमी हात गेल्यावर सुरू होतो, ही त्यातली वाईट गोष्ट आहे. कायदा हातासाठी भांडतो. हात परत देत नाही.

म्हणून मंडळाच्या सगळ्यांना, अगदी हात जोडून सांगते. थाटीपूरची पिठाची गिरणी असो, छापखाना असो, पूजा करा, जरूर करा, मीही करते. पण जाळी परत लावल्याशिवाय खटका ओढू नका, पाहुणे कितीही मोठे असोत. आणि कुणाला काही झालंच, तर दवाखान्यात पडलेल्या माणसाला कुठल्याही कागदावर सही-अंगठा करू देऊ नका. मालकाशी आपापसात तडजोड झाली तरी ती हाकिमांकडे नोंदवावी लागते, नाहीतर तिला कायद्यात किंमत नाही. मालकाला लगेच लेखी कळवा. दाव्याला मुदत असते, लाजेपोटी ती जाऊ देऊ नका. आमच्या जिन्यावर लाजून परत फिरलेले कितीतरी असतील, ते मला दिसलेच नाहीत.

आता परवाचं. दसऱ्याच्या संध्याकाळी मी आईला घेऊन भाऊसाहेबांकडे सोनं द्यायला गेले होते. तेवढ्यात काका आणि पार्वतीबाई आले. काकांनी आपट्याची पानं डाव्या हातात धरली होती, आणि उजव्या हाताचं ते टोक डाव्या कोपराला लावलेलं, आपण आदरानं देताना लावतो ना, तसं. भाऊसाहेबांनी पानं घेतली, गळाभेट घेतली.

"सरकारांकडे गेला होतात?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"आधी तिकडंच गेलो ताई. सोनं आधी तिकडंच देतो आम्ही."

"मग?"

"मशीनची पूजा झालेली होती. जाळी लावलेली होती. कुंकू जाळीलाच लावलं होतं, माळ पण जाळीवर."

पार्वतीबाई मान हलवत होत्या. खरं आहे, खरं आहे.

"आणि सरकार? बोलले?"

"बोलले नाहीत. मी जाणारच नव्हतो ताई. सोनं डाव्या हातानं कसं द्यायचं धन्याला? हिनं ढकललं म्हणून गेलो. मी हा डावा हात पुढं केला. सरकारांनी उजवा उचलला होता, घ्यायला. मग त्यांनी बघितलं."

"आणि?"

"काठी उजव्या हातात घेतली," काका म्हणाले, "आणि डावा पुढं केला."